आईचा डोळा, सरकारी दरात

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी कार्डावर, एक पैसा न देता करून दाखवतो, असं मी देवानंदच्या घरी दिवाळीच्या फराळाला चार लोकांत बोलून गेलो. बोलायची काही गरज नव्हती. विषय चकलीचा चालू होता.

देवानंद माझा शेजारी. बियाण्याच्या कंपनीत आहे, त्यामुळे कुठली गोष्ट उगवणार आणि कुठली नाही, हे आपल्याला आधीच कळतं अशी त्याची समजूत आहे. तो म्हणाला, "बद्रीभाऊ, कार्ड कुठं चालत न्हाई. पैसे भरा आन् मोकळे व्हा."

हे मला लागलं. मी गेली सव्वीस वर्षं रोज जालन्याहून बदनापूरला जाऊन एका सरकारी ऑफिसात लोकांच्या कागदांत त्रुटी काढतो. कागद कसा चालतो आणि कशानं अडतो, हे मला बियाण्यातल्या माणसानं सांगावं? मी म्हणालो, "सत्तरीच्या पुढच्या माणसाला सरकार इलाज फुकट देतं. कागद बरोबर पाहिजे फक्त. तुम्ही बघाच."

आणि सगळे बघत राहिले. जानेवारी संपेपर्यंत.

आईला, म्हणजे झुंबरबाईंना, दिसेनासं झालंय हे आम्हाला उशिराच कळलं. ती सांगणारी नाही. कूलरवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाला तिनं एकदा "आज लवकर आला का रे?" असं विचारलं, तेव्हा माझी बायको शीतल तिला तपासणी शिबिरात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला, फार थांबू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. थांबलं तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते म्हणे. पैसे भरून करायचं तर एका डोळ्याला पंचवीस हजार. आई म्हणाली, "आकांक्षाच्या होस्टेलचे भर आधी. मला काय बघायचं राह्यलंय आता?" आमची आकांक्षा पुण्याला शिकते, आणि होस्टेलवाले दर वर्षी नव्यानं महाग होतात. म्हणून कार्ड.

कार्ड काढायला आम्ही सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मशीनवर आईचा अंगठा उमटेना. पन्नास वर्षं विळा आणि चूल सांभाळलेला अंगठा, त्याच्यावर रेघा उरणार कुठून? दहाही बोटं झाली. केंद्रवाला म्हणाला, "चेहऱ्यानं करू. आजी, मोबाईलकडं बघून पापणी मिचकवा."

"कोणाकडं?" आईनं विचारलं.

"मोबाईलकडं."

"मोबाईल कुठंय?"

ज्या बाईला मोबाईल दिसत नाही, तिनं मोबाईलकडे बघून डोळा मारायचा, तेव्हा तिला दिसायची सोय होणार, अशी ती व्यवस्था होती. शेवटी मी मोबाईलच्या मागे उभा राहून "आई, इकडं" असं बोलत राहिलो आणि पाचव्या खेपेला आईनं माझ्या आवाजाकडे बघून पापणी मिचकवली. मशीननं तिला ओळखलं. मग मशीननं आणखी एक गोष्ट ओळखली. आधारप्रमाणे आईचं वय एकोणसत्तर होतं.

आई सत्तरी केव्हाच ओलांडून गेलीय. पण गावात आधार काढायला आलेल्या माणसानं "आजी, वय किती लिहू?" असं विचारल्यावर आई "लिही बाबा तुला जमंल ते" म्हणाली होती. त्यानं त्याला जमलं ते लिहिलं आणि जन्मतारीख एक जानेवारी टाकली. आता एक जानेवारीला आईला सत्तर पूर्ण होणार होती. तारीख बदलायला शाळेचा दाखला लागतो. आई शाळेत गेली नाही, आणि न गेल्याचा दाखला कुठलीच शाळा देत नाही, याची मी चौकशी करून खात्री केलेली आहे.

"पैसे भरा," देवानंद कुंपणावरून म्हणाला.

"दीड महिन्याचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

त्या दीड महिन्यात आई ओट्याची शेवटची पायरी चुकून पडली. मोडलं काही नाही, मनगट सुजलं. पण त्यानंतर ती अंगणात उतरेना. पूर्वी ती सकाळी कॉलनीचा एक फेरा मारून कोणाकडे कोण आलं, कोण गेलं, याची खबर आणायची. आता खाटेवर बसून पायांच्या आवाजावरून माणसं ओळखायची आणि बरोबर ओळखली की स्वतःशीच मान हलवायची. शीतल मला काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला पेपर वाचता येत नाही.

एक जानेवारीला आई सरकारी हिशेबानं सत्तरीची झाली. तीन तारखेला कार्ड आलं. त्यावर नाव होतं 'झुंबरभाई'. बाईचा भाई झाला होता. मी ठरवलं, एका अक्षरानं काय अडतं. मी, ज्यानं सव्वीस वर्षं एकेका वेलांटीसाठी माणसं परत पाठवली, त्यानं असं ठरवलं. माणूस स्वतःच्या बाबतीत फार उदार असतो.

मोबाईलवर कार्ड चालणाऱ्या दवाखान्यांची यादी होती. यादीतला पहिला दवाखाना शोधत गेलो तर तिथं गाद्यांचं दुकान निघालं. दुकानदार सभ्य होता. आठवड्यातून दोन-तीन म्हातारी माणसं येतात, म्हणाला, आणि एकानं तर गादी पण घेतली. दुसऱ्या दवाखान्यात सांगितलं, "कार्डाचं मशीन बंद आहे." कधी चालू होईल विचारल्यावर "सांगता येत नाही" म्हणाले, पण ज्या तऱ्हेनं म्हणाले त्यावरून सांगता येत होतं. तिसऱ्या ठिकाणी खाटा भरलेल्या होत्या. दार उघडं होतं म्हणून मी आत डोकावलो. सहा खाटा आणि एक मांजर.

चौथा दवाखाना मस्तगडला, गल्लीच्या आत, पारस डॉक्टरांचा. मारवाडी माणूस, पन्नाशीचा, तीन पिढ्या जालन्यात. बाहेर 'येथे सरकारी विमा कार्ड स्वीकारले जाते' असा बोर्ड होता, पण त्यावर निम्मा पडदा ओढलेला. आत बाकावर आठ-दहा म्हातारी माणसं बसली होती.

डॉक्टरांनी आईचे दोन्ही डोळे नीट तपासले. उजवा पंधरा-वीस दिवसांत करायला पाहिजे म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुमचा हा चष्मा कितीचा?"

"साडेचार हजार. डिस्काउंट धरून."

"सरकारचा डोळा त्याच्यापेक्षा थोडासा महाग आहे. तेवढ्यात मला भिंग आणायचं, औषधं आणायची, सिस्टरचा पगार द्यायचा, थिएटरची लाईट भरायची. बराबर हिशेब केला तर कापायला बोलावतात आन् सुरी आपल्या घरची आणा म्हणतात. तेही चाललं असतं. पण ते पैसे मिळतात कधी? एक्केचाळीस केसेस अडकून पडल्यात. दर केसला काहीतरी शंका काढलेली. मी डोळे कापू का खुलासे लिहू? ह्या महिनाअखेर कार्ड बंद करून राह्यलो मी."

"मग आमचं?"

"महिनाअखेरपर्यंत मंजुरी आणा, मी करतो. पण मंजुरी तुमची तुम्ही बघा. माझ्या रितिकाच्यानं आता होत नाही."

रितिका म्हणजे काउंटरवरची मुलगी, डॉक्टरांची पुतणी. तिनं आईचे कागद कॉम्प्युटरवर चढवले आणि दुसऱ्याच दिवशी शंका आली: 'लाभार्थी स्त्री आहे किंवा पुरुष, याबाबत खुलासा करावा.' एका अक्षरानं अडलं होतं.

मी खुलासा लिहायला तिच्या शेजारी बसलो आणि सहज त्या अडकलेल्या एक्केचाळीस केसेस बघितल्या. सांगायला संकोच वाटतो, पण मला भरून आलं. काय त्रुटी होत्या! 'शस्त्रक्रियेनंतरच्या छायाचित्रात रुग्णाचा डोळा दिसून येत नाही.' दुसरी एक: 'सदर रुग्णावर हीच शस्त्रक्रिया गतवर्षी झालेली आहे. तीच शस्त्रक्रिया पुन्हा करण्याचे कारण काय?' पलीकडे कोणीतरी माझ्याच जातकुळीचा माणूस बसलेला होता. 'सबब' कुठं टाकायचं हे त्याला कळत होतं. अशा माणसाला डॉक्टर साध्या भाषेत उत्तरं देत होते, 'पट्टी आहे म्हणून' वगैरे. त्यानं कोणाचं समाधान होत नसतं.

मी रितिकाला म्हणालो, "सरक जरा."

पहिलं उत्तर मी असं लिहिलं: 'सदर डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यावर पट्टी आहे. पट्टी काढून छायाचित्र घेतल्यास डोळा दिसेल, तथापि शस्त्रक्रिया झाल्याचे दिसणार नाही. सबब उपलब्ध छायाचित्र ग्राह्य धरावे.' दुसरं अगदी थोडक्यात: 'रुग्णास दोन डोळे आहेत.' त्यावर संध्याकाळी उलट शंका आली, 'पुरावा जोडावा.' आम्ही फोटो जोडला.

अशा रीतीनं मी आईच्या एका डोळ्यापायी दोन शनिवार, दोन रविवार आणि चार किरकोळ रजा पारस डॉक्टरांच्या काउंटरवर घालवल्या. डॉक्टरांनी मला बोलावलं नव्हतं, आणि मी उठून जाईन असंही काही त्यांनी केलं नाही. दर दोन तासांनी चहा पाठवत राहिले. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माझी नेमणूक परस्पर करून टाकली. कोणी मला कंपाउंडर समजायचं, कोणी डॉक्टरांचा मोठा भाऊ. एका बाईनं डोळा वर करून "टाका थेंब" म्हणत माझ्यासमोर दहा मिनिटं मान तशीच धरली होती. रितिका मला पहिल्या दिवशी सर म्हणत होती, तिसऱ्या दिवशी काका म्हणायला लागली, आणि नंतर "काका, स्टेपलर" एवढंच.

बाकावर एक तातेराव म्हणून होते, वडीगोद्रीचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकटे एसटीनं यायचे. दोन्ही डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. मी विचारलं, एकटे कसे येता? म्हणाले, "कंडक्टर ओळखीचा झाला. तिसरी खेप हाय. मागच्या बारीला अंगठा उमटला न्हाई म्हून परत गेल्तो."

"चेहऱ्यानं केलं नाही का?"

"केलं ना. मशीन म्हनती, डोळे उघडा. उघडेच हायेत म्हनलं. तिला पटत न्हाई."

मी माझं टेबल सोडून त्यांना अंगणात उन्हात नेलं. मोबाईलच्या मागे उभा राहून "तातेराव, इकडं" म्हणून बोलावत राहिलो. या एका विषयात आता माझा अनुभव दांडगा होता. पण तातेरावांचा डोळा इतका पांढरा झाला होता की मशीनला त्यात बुबुळच सापडेना. सात वेळा केलं. सातव्यांदा ते म्हणाले, "राहू द्या बाबू. तुमचं काम खोळंबलं असंल." आणि त्यांनी माझा हात चाचपून खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. मी आत येऊन बसलो.

मग मी एक अर्ज लिहिला. 'रुग्णाची ओळख डोळ्यांवरून पटत नाही, कारण डोळे खराब आहेत. डोळे दुरुस्त होत नाहीत, कारण ओळख पटत नाही. यापैकी कोणते आधी करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' तलाठ्याचा दाखला, रेशनकार्ड, सरपंचाचं पत्र, सगळं जोडलं. तातेरावांच्या सुनेनं गावाहून कागद पाठवले. माझ्या नोकरीत असा अर्ज माझ्याकडे कोणी केला असता तर मी तो वरिष्ठांकडे पाठवून वर्षभर विसरलो असतो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

अठ्ठावीस तारखेला आईची मंजुरी आली. झुंबरभाई स्त्री असल्याचं सरकारनं मान्य केलं. एकोणतीसला तातेरावांचीही आली. मार्गदर्शन काही आलं नाही, नुसतीच मंजुरी. कोणाला कंटाळा आला असावा. तिसाव्या तारखेला दोघांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. पट्टी सुटल्यावर आईनं आधी छताचा पंखा बघितला, मग शीतलला, मग खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजले. अठरा. तातेराव स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांपुढे धरून उलटेपालटे करून बघत बसले होते. नंतर कंडक्टरला मात्र त्यांनी आवाजावरूनच ओळखलं. चेहरा त्यांना वाटला होता तसा नव्हता म्हणे.

एक फेब्रुवारीला पारस डॉक्टरांनी बोर्ड उतरवला आणि दारावर कागद लावला: 'सरकारी विमा कार्ड बंद आहे.'

मी कॉलनीत पेढे वाटले. देवानंदनं दोन घेतले आणि विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं काय?"

काही माणसांना पेढा गोड लागत नाही.

डावा डोळा महिन्याभरानं करायचा होता. कार्ड चालणारा पुढचा दवाखाना संभाजीनगरला, आणि तिथं नंबर मेच्या पुढचा. तरी तपासणीसाठी म्हणून मार्चमध्ये एका गुरुवारी आईला घेऊन मस्तगडला गेलो, तर बाकावर माणसं होतीच. मोजून अकरा. सगळी म्हातारी, सगळ्यांच्या हातात कार्डं.

मी डॉक्टरांना म्हणालो, "बंद केलं होतं ना?"

"बंदच आहे," डॉक्टर म्हणाले. "कागद लावलाय ना दारावर. पण भाऊ, ज्याला तो कागद वाचता येतो, तो माझ्याकडं कशाला येईल?" आणि चष्मा काढून पुसत बसले. "हाकलून देऊन बघितलं. दोन दिवस जमलं. आता गुरुवारी तीन करतो. तीनचा तोटा मला झेपतो. चौथा केला की पैसे भरणाऱ्या पेशंटकडून काढावा लागतो, आन् ते बोंबलतात. तुमच्या उत्तरांनी एक्केचाळीसपैकी सव्वीस केसेस सुटल्या, म्हणून तीन तरी आहेत. आईचा डावा त्या तिघांत घेतो. आजच. तुमचा हक्क आहे."

मी मनात देवानंदचा चेहरा आणला. दोन्ही डोळे, एक पैसा न देता. मी बाहेर येऊन आईला सांगितलं.

आई बाकाच्या टोकाला बसली होती. नव्या डोळ्यानं ती एकेका माणसाकडे निवांत बघत होती. शेजारच्या म्हातारीला तिनं विचारून झालं होतं की कोण, कुठली, बरोबर कोण आलंय. बरोबर कोणी आलं नव्हतं.

"इथं अकरा जण हायेत," आई म्हणाली.

"हो."

"त्यातले तीनच घेनार?"

"हो. त्यात तू एक."

"मला एक हाय ना डोळा. ह्यांना एकबी न्हाई." तिनं पदर सारखा केला. "तू पगारदार हायेस. जा, पैसे भर."

"आई, तो आपला हक्क आहे. कागदावर—"

"हक्क मागून घ्यावा बद्री, कोणाला उठवून घेऊ न्हाई. आकांक्षाच्या होस्टेलला दोन महिने उशीर झाला तर ती काही आंधळी होत न्हाई. जा."

शेजारची म्हातारी हे सगळं ऐकत होती, पण कोणाबद्दल चाललंय ते तिला कळलं नसावं. ती म्हणाली, "ताई, नंबर आला का माझा?" आई म्हणाली, "येऊन राह्यला."

मी काउंटरवर गेलो. रितिकानं पावती फाडताना वर बघितलं नाही. "काका, पंचवीस हजार. तुम्हाला डिस्काउंट द्यायला सांगितलंय डॉक्टरकाकांनी." मी म्हणालो, नको. का म्हणालो, मला अजून सांगता येत नाही. सव्वीस वर्षांत मी डिस्काउंट नाकारलेला नाही. ती म्हणाली, "मंग चौथा एक करता येईल आज," आणि आत जाऊन डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगून आली.

डावा डोळाही छान झाला. तोच डॉक्टर, तीच सिस्टर, तेच भिंग; फक्त सरकारच्या डोळ्यापेक्षा माझा डोळा पाचपट महाग पडला. पट्टी सुटल्यावर घरी सगळे जमले. देवानंद मुद्दाम आला होता. त्यानं मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "फुकटात झालं ना बद्रीभाऊ?"

"एक झाला," मी म्हणालो.

तो समजायचं ते समजला. मग खाटेजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाला, "काकू, खरं सांगा, फुकटातल्या डोळ्यानं जास्त चांगलं दिसतं का पैशाच्या?"

आईनं प्रश्न गांभीर्यानं घेतला. तिनं हातानं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं माझ्याकडे बघितलं. मग उजवा झाकला आणि डाव्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. शीतल दारात थांबली होती.

"दोन्हीतून सारखाच दिसतो," आई म्हणाली. "दमलेला."